दर दोन तासांनी

सकाळी सहाला धाकट्या सुनेने सासूची कूस बदलली. रोजच्या क्रमानेच बदलली. आधी गुडघ्यांमधली उशी काढली, पलीकडचा पाय दुमडला, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे घातला, "आई, वळवते हां" म्हणाली आणि म्हातारीला अलगद आपल्याकडे वळवले. मग पाठ पाहिली, चादरीची सुरकुती ओढून काढली, उशी पुन्हा लावली. आठ मिनिटे लागली.

अकरा महिन्यांपूर्वी म्हातारीला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी सोडताना नर्सने औषधांची चिठ्ठी एकदा समजावली, पण एक गोष्ट दहादा सांगितली. दर दोन तासांनी कूस. एखादी गोळी चुकली तर चालेल, कूस चुकली तर पाठीला जखम होईल, आणि ती जखम माणसाला आतून खाते.

"आज कधी येशील?" म्हातारीने विचारले. शब्द जड येत, पण डोके शाबूत होते.

"रोजच्यासारखी. चारला."

"म्हणजे चारपर्यंत हीच भिंत."

"नऊला कुणीतरी येईल, आई. तक्त्यात नाव आहे."

"तक्त्यात नाव घाल माझं," म्हातारी म्हणाली. "मीपण चालायला लागेन."

सून हसली, पाण्याचा पेला म्हातारीच्या डाव्या हाताच्या टप्प्यात ठेवला, दाराला कुलूप लावले, किल्ली खालच्या शिंप्याकडे दिली आणि साडेसहाला कामावर निघाली. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. दिवसभर दुसऱ्यांच्या अंथरुणांच्या चादरी यंत्रातून काढायच्या, झटकायच्या, इस्त्रीच्या रुळाखाली घालायच्या. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. मूल नव्हते. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आली ती सासू. कुणी विचारून दिली नव्हती, तिनेही कुरकुर न करता घेतली होती.

म्हातारीला थोरला मुलगाही होता, हे इथे सांगितले पाहिजे, कारण त्याला पाहून ते कुणाच्या लक्षात आले नसते. तो देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मंडळीचा सेक्रेटरी. उंच, स्वच्छ, आवाज भारदस्त. त्याची प्रार्थना ऐकून लोकांचे डोळे पाणावत. धाकट्या भावाच्या अंत्यविधीला शवपेटीजवळ उभे राहून त्याने दोनशे माणसांसमोर सांगितले होते, "आजपासून आईची जबाबदारी माझी. आईला मी माझ्या घरी नेणार आहे." लोक गहिवरले. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात त्या वाक्याचा उल्लेख केला. नंतरच्या चार वर्षांत म्हातारीला नेण्याखेरीज बाकी सगळे झाले. दर महिन्याला सेक्रेटरी त्या विषयावर प्रार्थना करत होता. प्रभूने मार्ग दाखवावा, वेळ दाखवावी, जागा करून द्यावी.

जागा होती. सेक्रेटरीच्या घरात हॉलला लागून एक खोली होती, तिला सगळे सेवकांची खोली म्हणत. बाहेरगावचा एखादा उपदेशक आला की तो तिथे उतरे. वर्षातून चार-पाच दिवस. उरलेले तीनशे साठ दिवस त्या खोलीतला पलंग पांढऱ्या चादरीखाली प्रभूच्या मार्गदर्शनाची वाट पाहत असे.

एकशे चाळीस माणसांच्या या मंडळीची एक रीत होती. तिला कुणी रीत म्हणत नसे, म्हणून तिच्यावर कुणी बोलतही नसे. कुणी मदत मागितली, की "नाही" म्हणायचे नाही. "नाही" म्हणणे कठोर दिसते. "हो" म्हटले तर उठावे लागते. म्हणून म्हणायचे, "प्रार्थनेत ठेवतो." एकदा गोष्ट प्रार्थनेत ठेवली, की ती ठेवणाऱ्याच्या हातून सुटून देवाच्या खात्यावर जाई, आणि पुढे काही झाले नाही तर तो देवाचा निर्णय ठरे. ज्याच्या नावाने हे सगळे चालले होते, त्या प्रभूने आजाऱ्यांना हात लावले होते, पाय धुतले होते. या लोकांनी त्याच्याकडून फक्त डोंगरावर एकांतात जाण्याचा भाग उचलला होता.

म्हातारीला वळवायला दिवसा शेजारची बाई येत असे. सात आठवड्यांपूर्वी ती घर बदलून गेली. तेव्हा धाकटी सून नाइलाजाने उपासनेनंतर उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. आठला कुणाला जमणार नाही, म्हणून सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक आणि तीन. तेवढ्या वेळी कुणीतरी येऊन आईंची कूस बदलावी. आठ मिनिटांचं काम आहे. मी शिकवीन."

मंडळी हेलावली. आठवड्याच्या आत बैठक झाली. इतिवृत्त उपलब्ध आहे. बैठक पावणेदोन तास चालली. त्यातली चाळीस मिनिटे, सेवेच्या तक्त्यावर शास्त्रातले वचन वर असावे की खाली, या चर्चेत गेली. खाली ठरले. सोळा जणांनी नावे दिली. सेक्रेटरीच्या बायकोने, म्हणजे धाकटीच्या थोरल्या जावेने, महिला मंडळाच्या वतीने रोजचा नऊचा फेरा घेतला. तक्ता रंगीत छापला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि देवळाच्या दारात लावला. त्याचा फोटो मोबाईलवरच्या गटावर पडला. पन्नास जणांनी हात जोडले.

कूस कशी बदलायची हे शिकायला, सुनेने सांगितलेल्या दिवशी, एकही जण आला नाही.

पहिल्या सोमवारी मात्र अकरा जण आले. एकदम, नऊ वाजता, गिटार घेऊन. खालच्या शिंप्याने किल्ली दिली. शिंपी एका पायाने अधू होता. तरी तो दुपारी कठड्याला धरून जिना चढे आणि म्हातारीला पाणी पाजून येई. त्याने त्या दिवशी जे पाहिले ते असे. अकरा जण पलंगाभोवती उभे राहिले. तीन गीते झाली. पाळकसाहेबांनी म्हातारीच्या कपाळावर हात ठेवून वीस मिनिटे प्रार्थना केली. बायकांचे डोळे भरून आले. कुणीतरी फोटो काढला. मग, "आजींना आता विश्रांती घेऊ द्या," असे एकमेकांना सांगत सगळे पाय न वाजवता जिना उतरले. म्हातारी सहाला ज्या कुशीवर होती, चारलाही त्याच कुशीवर होती.

"कशी झाली हो प्रार्थना?" सुनेने संध्याकाळी विचारले.

"छान झाली," म्हातारी म्हणाली. "माझी भिंत मात्र दिसेना. मध्ये लोक उभे होते."

पुढे गर्दी ओसरली. मंगळवारच्या अकरावाल्याला सर्दी झाली आणि आजारी माणसाजवळ जाणे त्याच्या विवेकबुद्धीला पटेना. दुपारी एकला येणारी शिक्षिका दोनदा आली. म्हातारीला जोर लावून ओढावे की उचलावे हे न कळून तिने पांघरूण नीट केले आणि गेली. तीनवाल्याने एक वचन पाठवले. सेक्रेटरीची बायको एकदा फुले घेऊन आली. फुलदाणी सापडेना म्हणून तिने ती पाण्याच्या पेल्यात ठेवली. त्या दिवशी म्हातारीला शिंपी येईपर्यंत पाणी मिळाले नाही.

पाच आठवड्यांत एकशे वीस फेरे व्हायला हवे होते. शिंप्याकडून किल्ली नऊ वेळा नेली गेली. त्या नऊ वेळांत म्हातारीची कूस एकदाही बदलली गेली नाही. हे मी कुणाचे मन दुखावण्यासाठी लिहीत नाही. ज्याचे मन या आकड्यांनी दुखेल, त्याने आधी आपली पाठ सहा ते चार एका जागी टेकवून पाहावी.

सुनेने थोरल्या जावेला एकदा फोन केला होता.

"ताई, नऊला कुणी येत नाहीये."

"असं कसं? तक्त्यात आहे की."

"तक्त्यात आहे. खोलीत नाही."

"हे बघ, बायकांना आपापले संसार आहेत. तुझं बरं आहे, तुझ्यामागे कुणी नाही." आपण काय बोललो हे बहुधा लक्षात आले, म्हणून जाऊ घाईने म्हणाली, "म्हणजे, तुला प्रभूने याच सेवेसाठी मोकळं ठेवलंय, असं आम्ही मानतो. सगळी मंडळी तुझं नाव घेते, माहीत आहे? सून असावी तर अशी, म्हणतात."

विधवेला मोकळी म्हणायचे, तिच्या मोकळेपणावर आपले ओझे ठेवायचे आणि वर कौतुकाचे पांघरूण घालायचे. ही कला आमच्याकडे फार जुनी आहे आणि देवळाच्या आत ती बाहेरपेक्षा अधिक सफाईने चालते.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी सुनेला अर्धा दिवस सुटी होती. दोनला दवाखान्याची नर्स आली. ही बाई कुठल्याच देवळात जात नसे. तिने म्हातारीला वळवले, माकडहाडाजवळची पट्टी काढली आणि जखमेच्या वर आपला तळहात धरून पाहिला.

"मागच्या वेळी रुपयाएवढी होती," ती म्हणाली. "आता माझा तळहात मावेल. कडा काळ्या पडल्यात."

"रात्री मी दर दोन तासांनी उठते हो. गजर लावून."

"ते दिसतंय तुमच्याकडे बघून. दिवसाचं काय?"

सुनेने चादरीची सुरकुती ओढून सारखी केली.

"असं अजून पंधरा दिवस चाललं तर हाड दिसेल. मग रक्तात जंतू जातील, आणि मग मी रोज येऊनही उपयोग नाही. स्पष्ट सांगते, यात आजी जातील." नर्सने हातमोजे काढले. "दुसरी माणसंच नाहीत का?"

"आहेत," सून म्हणाली. "एकशे चाळीस."

नर्स गेल्यावर सून पलंगाशी बसली. म्हातारीने सगळे ऐकले होते.

"आई, नोकरी सोडली तर दोघी काय खाणार? आणि नाही सोडली तर..."

"सोडू नकोस."

"मग एकच रस्ता आहे. थोरल्यांकडे जायचं. आत्ता. विचारत बसायचं नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही नेणार."

म्हातारीने डाव्या हाताने सुनेचे मनगट धरले. "तिकडे रोज गातील का गं?"

"गातील बहुतेक."

"चल," म्हातारी म्हणाली. "पाठीपेक्षा कान बरे आहेत माझे."

धुलाईघराच्या गाडीचा ड्रायव्हर एका फोनवर आला. तो कधी प्रार्थनेला बसलेला कुणी पाहिला नव्हता. येताना त्याने इस्पितळातून जुने स्ट्रेचर मागून आणले. साडेतीनला सुनेने म्हातारीला डाव्या कुशीवर घेतले, तशीच चादरीसकट उचलून स्ट्रेचरवर ठेवली, आणि दोघांनी तिला जिन्यावरून उतरवले. शिंपी पुढे उलटा चालत होता आणि प्रत्येक पायरी मोजून सांगत होता.

सेक्रेटरीच्या घरी शनिवारची सभा चालू होती. हॉलमध्ये अकरा जण गोल बसलेले. त्या दिवशीचा विषय होता, आपला विश्वास कृतीत कसा उतरेल. सेक्रेटरी टिपणे वाचत होता. दुसरा मुद्दा चालू असताना बेल वाजली.

दार त्याच्या बायकोने उघडले. समोर धाकटी जाऊ, मागे एक अनोळखी माणूस, आणि दोघांच्या मध्ये सासू.

"ताई, जरा बाजूला व्हा. दारात हात अडकेल त्यांचा."

"अगं, पण... हे काय?"

सेक्रेटरी उठला. हातातली टिपणे तशीच. "हे काय चाललंय? निदान आधी कळवायचं तरी!"

"चार वर्षांपूर्वी तुम्हीच कळवलं होतं, दादा," धाकटी म्हणाली. "दोनशे लोकांसमोर. आज आणलं."

खुर्च्या सरकल्या. गिटारवाल्याने गिटार पोटाशी धरले आणि वाट दिली. ड्रायव्हरने कुणालाही न विचारता सेवकांच्या खोलीचे दार खांद्याने ढकलले.

"ती खोली नको!" थोरली जाऊ मागे धावली. "पुढच्या आठवड्यात बाहेरून सेवक यायचेत!"

"मी आधी आले," पलंगावर उतरता उतरता म्हातारी म्हणाली.

धाकटीने पिशवी उघडली. रबरी चादर, तीन उश्या, मलम, पट्ट्या. सगळे कपाटावर ओळीने मांडले. "साडेतीनला डावी कूस दिली आहे. साडेपाचला पाठ न टेकवता उजवी द्यायची. मग साडेसातला परत. जखमेवर वजन येऊ द्यायचं नाही. ताई, या इकडे, हात कुठे घालायचे ते दाखवते."

"आत्ता? लोक बसलेत बाहेर."

"बरं. मग सांगते. एक खांद्यामागे, एक कमरेमागे."

पाळकसाहेब दारात आले. त्यांचा आवाज मऊ होता. तो नेहमीच मऊ असे. "बहिणी, रागाच्या भरात घेतलेला निर्णय..."

"राग नाही, पाळकसाहेब. थकलेय. दोन्ही वेगळं असतं."

"सगळी मंडळी तुझ्या पाठीशी आहे."

"माझ्या नको होती हो. आईंच्या पाठीशी हवी होती." तिने म्हातारीच्या केसांवरून हात फिरवला. "सोमवारपासून मी संध्याकाळी येत जाईन. सहा ते दहा माझे. दिवस आणि रात्र तुमची."

"आणि आत्ता कुठे निघालीस?" सेक्रेटरीने विचारले. त्याच्या आवाजातला भारदस्तपणा कुठेतरी गळून पडला होता.

"झोपायला," ती म्हणाली, आणि गेली.

ती गेल्यावर हॉलमध्ये पुन्हा गोल झाला, पण बसेना. एक बाई म्हणाली, इतकं कडक बोलायला नको होतं. दुसरी म्हणाली, दुःखाने माणूस कडवट होतो, तिच्यासाठी आपण विशेष प्रार्थना करू. केली. शेवटचा "आमेन" म्हणून झाल्यावर कुणाला तरी मुलीला आणायला जायचे आठवले. पाळकसाहेबांना दुसरी सभा होती. गिटारवाला म्हणाला, "काही लागलं तर हक्काने सांगा, दादा," आणि चप्पल घालताना त्याने फोन बंद केला. सव्वापाचला हॉलमध्ये अकरा रिकाम्या खुर्च्या आणि यजमान नवरा-बायको उरले.

साडेपाच वाजले. सेवकांच्या खोलीतून हाक आली. फार मोठी नव्हती.

दोघे दारात जाऊन उभे राहिले. सेक्रेटरीने अजून जाकीट काढले नव्हते.

"आई, काही हवंय का?"

"कूस," म्हातारी म्हणाली.

तो पलंगाजवळ गेला, दोन्ही हात एकमेकांत गुंतवले आणि डोळे मिटले. "आपण आधी प्रभूपुढे जाऊ या. हे कृपाळू पित्या, तू आमची दुर्बलता जाणतोस..."

त्याची बायको पलीकडून गेली होती. सासूचा गाऊन जरा ओढला होता म्हणून तिने तो सारखा करायला उचलला, आणि पट्टी एका बाजूने सुटलेली तिला दिसली. आधी वास आला. मग जखम. रोज सकाळी नऊची वेळ तिने स्वतः लिहून दिली होती. त्या सगळ्या नऊ वाजण्यांचे काय झाले, ते तिच्यासमोर उघडे पडले होते. मध्ये पिवळट ओला खड्डा, भोवती काळी कड, आणि त्यापलीकडे लाल, तकतकीत, ताणलेली कातडी. तिने एक हात तोंडावर दाबला. ती बाहेर पळेल असे वाटले. ती पळाली नाही.

"...आणि या प्रसंगी तुझ्या दासांना बळ..."

"डोळे उघडा," बायको म्हणाली.

"अगं, प्रार्थना चालू आहे."

"डोळे उघडा म्हणते ना! इकडे या. आणि हे बघा."

तो आला. त्याने पाहिले. त्याने गुंतवलेले हात सोडवले.

"एक हात खांद्यामागे," बायको म्हणाली. ती धाकटीचे शब्द जसेच्या तसे आठवून सांगत होती. "एक कमरेमागे. नखं लावू नका. आई, वळवतो हां."

पहिल्यांदा जमले नाही. चादर गोळा झाली, म्हातारी कण्हली, सेक्रेटरीच्या घड्याळाचा पट्टा गाऊनमध्ये अडकला. त्याने घड्याळ काढून जमिनीवर ठेवले, जाकीट काढून टाकले, गुडघा पलंगावर टेकवला आणि दोन्ही हात आईच्या खाली पार आतपर्यंत घातले. म्हातारीचे तोंड त्याच्या कानाशी आले.

"जड आहे का रे मी?" तिने विचारले.

आयुष्यभर तो प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर घेऊन उभा राहिला होता. या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी त्याला आईला खरोखर उचलून पाहावे लागले.